चांदीचे छर्रे

फिरणारी वस्तू थांबली की घरातलं माणूस आजारी पडल्यासारखे कासावीस होणारे जगात एकच गृहस्थ असावेत, आणि ते माझे आतोबा आहेत. धार-देवासच्या जुन्या मराठी घरांत आत्याच्या यजमानांना अजून आतोबाच म्हणतात. देवासच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात ते टेस्ट रूममध्ये होते. बेअरिंग किती हलकं फिरतं, फिरताना काय आवाज करतं आणि कधी दम तोडतं, हे बघणं त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. टेस्ट रूम सुटली, बघणं सुटलं नाही. पंखा, पिठाची चक्की, शिलाई मशीन, रसवंतीचा चरक, लहान मुलाची तीनचाकी, काहीही त्यांच्यासमोर फिरू लागलं की ते बोलणं अर्धवट सोडून मान तिरकी करतात आणि डोळे मिटतात. नवख्या माणसाला वाटतं, आतोबा ध्यानाला बसले. एका अर्थी ते खरंच असतं.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम बेअरिंगमधला एक पोलादी छर्रा असतो, बोराएवढा. कोणाकडेही गेले की चहा येईपर्यंत ते तो हळूच फरशीवर सोडतात आणि तो कुठे जातो ते बघतात. माझ्या लग्नाच्या बोलण्यांसाठी आम्ही इंदूरला गेलो, तेव्हा वडीलधाऱ्यांचं गोत्र-नक्षत्र चाललेलं असताना छर्रा संथपणे दिवाणखाना ओलांडून सोफ्याखाली गेला. मुलाचे वडील काही न विचारता गुडघ्यांवर बसले, झाडूच्या दांड्यानं त्यांनी तो बाहेर काढला, धोतराला पुसला आणि आतोबांच्या हातात दिला. परतताना गाडीत सगळ्यांनी मतं दिली. आतोबांचं मत सगळ्यात लहान होतं. "घर उत्तरेला कललंय, पण माणसं चांगली आहेत." माझं लग्न त्या घरात झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

देवासला गाण्याची मोठी परंपरा आहे आणि आतोबा एकही मैफल चुकवत नाहीत. पहिल्या रांगेत मात्र बसत नाहीत. बसतात सभागृहातल्या सगळ्यात जुन्या पंख्याखाली. एकदा एका बुजुर्ग गायकानं असा काही षड्ज लावला की सारं सभागृह स्तब्ध झालं. आतोबांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा ते कुजबुजले, "पंखा किंचित खाली लागतोय. वरचं बेअरिंग गेलंय. महिनाभर काढेल बिचारा." तो पंखा पुढे किती दिवस टिकला, याची मी चौकशी केली नाही. मी बातमीदार आहे, आणि बातमीदारीत एवढं तारतम्य शिकायला मिळतं.

मांडूची आमची सहल हे याचंच दुसरं उदाहरण. धारहून आम्ही सगळे जीपनं निघालो. जेवणाचे डबे, सतरंजी, सगळं बरोबर होतं. वाटेत नालछा गाव आलं आणि आतोबांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "रोको भिया. पीछे का बायाँ पहिया रो रहा है." दुसऱ्या कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. तिथल्या गॅरेजच्या मिस्त्रीनं नाखुशीनं चाक उतरवलं. आतलं बेअरिंग खरोखरच चिरडलेलं होतं, छर्ऱ्यांना खळगे पडले होते. नवं बेअरिंग धारहून यायचं होतं. त्यामुळे मांडूचे महाल आम्ही त्या दिवशी पाहिले नाहीत. नालछ्याच्या गॅरेजसमोर सतरंजी अंथरून डबे उघडले. आतोबा मिस्त्रीशेजारी उकिडवे बसून मोडका छर्रा उन्हात धरून बघत होते. मिस्त्री शेवटी म्हणाला, "बाबूजी, आप गाड़ी में बैठे थे के गाड़ी आप में बैठी थी?" आतोबांना हे इतकं आवडलं की ते अजूनही आल्यागेल्याला सांगतात. मांडू बघायचं राहिलं, याचं त्यांना आजतागायत काही वाटलेलं नाही.

आतोबांचं खरं वैर आहे तेलाशी. भजी खातात, पण डोक्याला तेल लावत नाहीत आणि दाराच्या बिजागरीला लावू देत नाहीत. तेल आणि ग्रीस ही आळशी माणसाची उत्तरं आहेत, असं त्यांचं मत. तेल धूळ ओढतं, थंडीत आळतं, उन्हात पळतं, आणि शेवटी त्याचाच चिकट गाळ होऊन चाकाचा गळा धरतं. त्यांच्याकडे याला दुसरं उत्तर होतं: चांदी. कठीण पोलादाच्या छर्ऱ्यावर चांदीसारख्या मऊ धातूचा अगदी पातळ थर चढवायचा. छर्रा नुसता घरंगळत नाही, घरंगळताना किंचित घासतोही. ते घासणं मऊ चांदी आपल्या अंगावर घेते, आणि भार खालचं पोलाद उचलतं. थर केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ हवा. जाड झाला की उलटा त्रास. हे ते मला लहानपणापासून एकाच दृष्टान्तानं समजावत आले आहेत. "खडकावर बोटभर चिखल असला तर पाय कसा सुर्रकन सरकतो? आणि गुडघाभर चिखल असला तर? रुततो. चिखल तोच आहे नं? मऊपणा पातळ हवा, बाळ, आणि खाली खडक हवा." हे ऐकून आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "खडक मी आहे. चिखल कोण ते विचार त्यांना."

कारखान्यात त्यांनी ही कल्पना मांडली होती. साहेब म्हणाले, "आपल्याला बेअरिंग विकायची आहेत, पैंजण नाही." आतोबांना त्याचा राग नव्हता. पंपांना आणि ट्रॅक्टरना चांदी लागत नाही, हे त्यांनाही कळत होतं. ज्यांना लागते ते फार दूर होते. देवासच्या त्यांच्या गच्चीवरून संध्याकाळी टेकडीवरचे दिवे लागताना दिसतात. देवीच्या दर्शनाला चढणाऱ्यांची ओळ मुंगीएवढी होते आणि वर आकाश जांभळं होत जातं. आतोबा खुर्ची कलती करून त्या आकाशाकडे बघत बसायचे. "तिथे वर हवा नाही," ते सांगायचे, "तिथे तेल उडून जातं. म्हणून उपग्रहात जे फिरतं त्याच्या छर्ऱ्यांना मऊ धातू लावतात. कुठे चांदी, कुठे शिसं, कुठे सोनं. एकदा सोडलं की फिरतंय. कोणी तेलवाला जात नाही, कोणी आवाज ऐकत नाही." कुठेतरी अधांतरी एक चांदीचं चाक फिरत असायचं आणि खाली आत्याचा कुकर शिट्या देत असायचा. सगळी नोकरी दुसऱ्यांची बेअरिंगं तपासण्यात गेली. आपल्या हातचं एक तरी चांदीचं बेअरिंग खऱ्या कामाला लागलेलं बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण आम्हा सगळ्यांना माहीत होती.

ही संधी त्यांना रामाच्या पाळण्यानं दिली.

धारला आमच्या घराण्याकडे एका छोट्या राममंदिराची सेवा आहे. सध्या ती माझे काका बघतात. ते हिंदी शाळेत शिक्षक आहेत, आत्याहून लहान, आणि आतोबांची थट्टा हा त्यांचा आवडता छंद. रामनवमीला दुपारी बाराला मूर्ती पाळण्यात ठेवतात, पाळण्याचं गाणं म्हणतात आणि घरातली सगळ्यात मोठी लेक रेशमी दोरी ओढते. तो मान आत्याचा. पाळणा ज्या आडव्या दांडीला टांगलेला आहे तिच्या दोन टोकांना दोन बेअरिंगं आहेत, सायकलच्या चाकात असतात तशी, सुटे छर्रे घातलेली. ती आतोबांनीच लग्नानंतर बसवून दिली होती. इतक्या वर्षांत त्यांत घरच्यांनी भरलेलं ग्रीस, उदबत्तीची काजळी आणि गुलाल यांचा मिळून दगड झाला होता. मागच्या एका रामनवमीला दोरी ओढता ओढता आत्याचा खांदा भरून आला. काका म्हणाले, "भावोजी, तुमच्या चांदीच्या गप्पा आम्ही बचपन से ऐकतोय. लावून तर दाखवा एकदा. ताईनं एकदाच दोरी ओढली आणि गाणं संपेपर्यंत झोका चालू राहिला, तर सगळ्यांच्या समोर म्हणेन, भावोजी बरोबर होते."

"आणि थांबला तर?" आतोबांनी विचारलं.

"तर तुम्ही म्हणायचं, मी चूक होतो. ते तुमच्या तोंडून कधी ऐकलंच नाही कोणी."

आतोबांनी डोळे मिटून मान तिरकी केली. म्हणाले, "मंजूर."

पुढचं वर्ष त्यांनी कसं काढलं हे देवासच्या सराफ्यातला मुलामेवाला सांगू शकेल. देवाच्या भांड्यांना चांदीचा मुलामा देणारा हा शांत माणूस आतोबांमुळे दुकान बंद करण्याच्या बेतात आला होता. इतरांची तक्रार असायची की मुलामा पातळ दिला. आतोबा एकटेच असे की ज्यांची तक्रार असायची, जाड दिला. "भिया, और कम." "बाबूजी, इससे कम में तो चांदी को खुद पता नहीं चलेगा के वो लगी है." आतोबा म्हणायचे, "बस, वही चाहिए." छर्रे पुन्हा पुन्हा बिघडले, पुन्हा पुन्हा नवे आणले. गच्चीवर पाळण्यासारखी फळी टांगून ते एकच झोका द्यायचे आणि खुर्चीत बसून बघत राहायचे. एका रविवारी मी गेले होते. झोका चालू होता, आवाज अजिबात नव्हता. चहा झाला, कप विसळून झाले, फळी तशीच येत होती, जात होती. आतोबांच्या चेहऱ्यावर झोपेत हसणाऱ्या बाळासारखं काहीतरी होतं.

ते छर्रे त्यांनी घट्ट झाकणाचं काही मिळेना म्हणून आत्याच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात ठेवले आणि करंडा देवघराच्या फळीवर. मला बजावलं, कोणी हात लावायचा नाही. थोडे काळवंडतील, चांदी आहे, त्यानं काही बिघडत नाही. आत्याला त्यांनी काही सांगितलं नाही. गरजच नव्हती. त्यांच्या संसारात आत्यानं त्यांच्या छर्ऱ्यांना, पान्यांना, कानाला लावायच्या नळीला कधी बोटही लावलं नव्हतं. धूळसुद्धा ती त्यांच्या वस्तूंच्या कडेकडेनं पुसायची.

रामनवमीला सकाळी आम्ही धारला पोचलो. मंदिरात फुलांचं काम चाललं होतं. आतोबांनी पाळण्याची दांडी उतरवली, छर्रे बसतात त्या वाट्या पेट्रोलनं धुऊन कोरड्या केल्या, स्वच्छ फडकं अंथरलं आणि करंडा उघडला. मी शेजारीच होते. छर्रे लखलखत होते.

चांदीचा पांढरा रंग दुधावर जातो, पोलादाचा निळसर आणि थंड असतो. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. करंड्यात जे होतं ते निळसर होतं.

"कसे झालेत?" मागून आत्या म्हणाली. हातात तिच्या तुळशीचं तबक होतं. "काल दुपारी सगळे घासले. रांगोळी घेतली, वरून लिंबू, मग मलमलीनं पुसले. किती काळे पडले होते हो! रामाच्या पाळण्याला अशी काळी चांदी कोणी लावतं का? तुमच्या नाही लक्षात येत हे. मला पता होतं, तुम्ही तसेच लावणार."

आतोबांनी एक छर्रा उचलला आणि उजेडात धरला. नालछ्याला धरला होता तसाच, पण खूप जास्त वेळ. मग म्हणाले, "छान केलंस."

आत्या खुश होऊन फुलांकडे गेली. मी दिव्याजवळच्या तेलाच्या बुधलीकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "आतोबा, दोन थेंब तेल घालू या का?"

"तेल घातलं," ते म्हणाले, "तर ती विचारेल, का घातलं."

मग त्यांनी ते उघडे छर्रे एकेक करून कोरड्या वाटीत बसवले. दांडी चढवली, पाळणा टांगला आणि घाम पुसून ते खांबाला टेकून उभे राहिले.

बाराला शंख झाला, गुलाल उडाला. आत्यानं दोरी एकदाच ओढली आणि सांगितल्याप्रमाणे सोडून दिली. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झोका व्यवस्थित चालला. काका गाता गाता भुवया वर करून बघत होते. दुसऱ्या कडव्यात दांडीतून एक कर्कश किंकाळी निघाली. रांगोळीची कच कुठेतरी राहिली असणार. झोका लहान झाला, आणखी लहान झाला, आणि तिसरं कडवं सुरू व्हायच्या आधी पाळणा थांबला. गाणंही थांबलं. सगळं मंदिर खांबाकडे बघू लागलं.

"भावोजी," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात वर्षभराची तयारी होती, "तुमची चांदी तर रडायला लागली! आता बोला."

आतोबांना दोन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं. काका ते मान्यही करते, आतोबा बरोबरच ठरते. आत्या तबक हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नखांच्या कडांना अजून रांगोळीची पांढरी रेघ होती.

"मी चूक होतो," आतोबा म्हणाले. "थर जाड झाला."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. काकांची तर पंचाईतच झाली. त्यांनी वादाची तयारी केली होती, शरणागतीची नाही. "असं कसं भावोजी," ते चाचरत म्हणाले, "तुमचा थर आणि जाड... म्हणजे, होतं कधीकधी." तेवढ्यात आत्या पुढे झाली, तिनं दोरी हातात घेतली आणि भावाला म्हणाली, "तू गा रे. रामाला काय अर्ध्या गाण्यावर झोपवायचंय?" गाणं पुन्हा सुरू झालं. ती शेवटच्या कडव्यापर्यंत दोरी ओढत राहिली. किंकाळी प्रत्येक झोक्याला येत होती. पंख्याच्या आवाजानं मैफलीत अस्वस्थ होणारे आतोबा ती शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

संध्याकाळी तलावाच्या काठावर मी त्यांना म्हटलं, "सांगायला हवं होतंत." वारा पडला होता आणि पाण्यात पलीकडची झाडं उलटी उभी होती.

"इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा माझ्या कामाला हात लावला," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी छर्ऱ्यांवर पुन्हा चांदी चढवली नाही. मुलामेवाला अजून मला विचारतो, बाबूजी नाराज तो नहीं? करंडा देवघराच्या फळीवरच आहे. दर रामनवमीच्या आधी आतोबा धारहून छर्रे काढून आणतात आणि आत्या ते रांगोळीनं आणि लिंबानं घासते. खांदा दुखतो तिचा, पण हे काम ती सुनेला देत नाही.

यंदा मी आदल्या दिवशीच देवासला गेले होते. आत्या खिडकीशी बसून एकेक छर्रा मलमलीनं पुसत होती. एक उजेडात धरून मला म्हणाली, "बघ, त्या वर्षी एकदा चांदी घासली ती घासली. परत म्हणून काळी पडली नाही. याला म्हणतात अस्सल चांदी. काय हो?"

"हो," आतोबा म्हणाले. "थर चांगला मुरलाय."

दुसऱ्या दिवशी धारला, सगळे फुलांत गुंतलेले असताना, ते दांडी घेऊन मंदिराच्या मागच्या ओट्यावर गेले. मी पाण्याची कळशी भरायला तिकडे गेले होते. पाठमोरे उकिडवे बसून ते खिशातून काहीतरी काढत होते. ती शिलाई मशीनच्या तेलाची छोटी कुपी होती. वाटीच्या कडेनं त्यांनी एक थेंब सोडला, दांडी बोटानं फिरवून डोळे मिटून ऐकलं, मग आणखी एक थेंब. मला बघितल्यावर त्यांनी कुपी मुठीत घेतली आणि ओठांवर बोट ठेवलं.

बाराला पाळणा हलला. आवाज नव्हता. बोटाचं तेल रुमालाला पुसत आतोबा खांबाशी उभे होते. त्यांची नजर दांडीवर नव्हती, आत्याच्या हातातल्या दोरीवर होती.